सावडीची कॉफी

१२ नोव्हेंबर

ही वही चैत्रालीताईंनी दिली. त्यांचं माहेर भोरचं, आणि पुण्यात कॉफी भाजून विकायचं त्यांचं छोटं दुकान आहे. "शुभांगी, रोजचं ऊन, दव आणि फळ कितपत पिकलं एवढंच लिहीत जा," असं बजावून गेल्या. तर आज ऊन चांगलं, दव भरपूर, फळ हिरवं. झालं लिहून. उरलेलं पान कोरं टाकायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून पुढचं.

मार्गासनीत भाताला न चालणाऱ्या वरकस उतारावर, फणसा-हिरड्याच्या सावलीला कॉफी लावायचा नाद मीच आणला. पहिल्या वर्षी नाचणी सोडून हे कसलं खूळ म्हणून लोक हसले. मग एकेक जण रोपं मागायला आला आणि शेतकऱ्यांचा गट झाला. शेजारचे साहेबरावकाका अध्यक्ष आणि मी सचिव, म्हणजे बोलायचं त्यांनी आणि धावायचं मी. यंदा पहिल्यांदा झाडं भरून लागलीत. आमचा उतार उन्हाला तोंड करून आहे, त्यामुळे आमचं फळ सगळ्यांच्या आधी पिकणार. त्याची कॉफी चाखायला चैत्रालीताई जानेवारीत येतील. पसंत पडली तर पुढे साऱ्या गटाचा माल घेतील, दुसऱ्या कुठल्या कॉफीत मिसळणार नाहीत आणि पाकिटावर 'मार्गासनी' छापतील. पसंत नाही पडली तर काय, ते काकांनी परवाच्या बैठकीत सांगून टाकलं.

"ह्या साली जमलं तर जमलं, शुभांगी. न्हाईतर समदी झाडं उपटायची आन पुन्यांदा नाचणी. लोकं तुज्या तोंडाकडं बगून थांबल्यात."

तेव्हापासून मला जेवण नीट जात नाही. हे मी नवऱ्याला, अभिषेकलाही सांगितलेलं नाही.

१९ नोव्हेंबर

ऊन बरं. खालच्या फांद्यांवर पिवळेपणा दिसतो.

आज बैठकीत तोडणी समजावून सांगितली. कॉफीचं फळ एकदम पिकत नाही, एकाच फांदीवर हिरवं, पिवळं आणि लाल असं तिन्ही असतं. लाल तेवढीच तोडायची, बाकीची पुढच्या फेरीला. हिरवं मिसळलं की सगळी कॉफी कच्ची लागते. फळ्यावर खडूने चित्र काढून दाखवलं. सगळे बाप्ये मन लावून ऐकत होते, साहेबरावकाकांनी तर दोनदा विचारून घेतलं. बायका तेवढ्या मागे चहाच्या गडबडीत होत्या. पण त्याचं काही नाही, पुरुषांनी घरी जाऊन सांगितलं की झालं. बैठक फार चांगली झाली असं मला वाटतं.

२७ नोव्हेंबर

आत्या आज पुन्हा ठकुकाकींच्या भातकापणीला गेल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, अक्काबाई. ठकुकाकी साहेबरावकाकांच्या मालकीण.

आमच्याकडे लावणी-कापणीला सावड चालते. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या. पैसा नाही, फक्त ज्याचं शेत त्याने दुपारचं जेवण घालायचं. कुणी कुणाकडे किती दिवस फेडायचे राहिले ते बायकांच्या तोंडपाठ असतं आणि त्यात कधी चूक होत नाही. पण आमचं भात म्हणजे ओढ्याकाठची दोन खाचरं. तेवढ्यासाठी आत्या लावणीपासून गावभर वाकायला का जातात, ते मला कळत नाही. घरात माझ्याशी बोलायला नको म्हणून जात असाव्यात. संध्याकाळी कंबर धरून येतात. विचारलं तर म्हणतात, "चार बायका भेटत्यात. बरं वाटतं."

मी यंदा कुणाच्याच सावडीला गेले नाही. बैठका, नसरापूरच्या फेऱ्या, पुण्याचं प्रशिक्षण, कुठून वेळ आणणार?

कॉफी आत्यांनी एकदाच चाखली आहे. एक घोट घेऊन वाटी खाली ठेवली. "काढा हाय. कुनी आजारी पडलं तर कामाला यील," म्हणाल्या. त्यानंतर मी त्यांना विचारलं नाही.

५ डिसेंबर

थंडी वाढली. खालची फळं लाल होताहेत, फार सुंदर दिसतात.

आत्यांना नवीन छंद लागलाय. भाताची कामं संपल्यापासून त्या दिवसभर वरच्या बांधावर बसून तेलाचा रिकामा डबा काठीनं बडवतात. खालून माझं डोकं उठतं. म्हातारपणी माणूस कशात मन रमवील सांगता येत नाही. अभिषेक म्हणाला, वाजवू दे की. हा टेम्पो घेऊन सकाळीच नसरापूरला जातो, याला काय जातंय सांगायला?

एक मात्र बरं झालं. गेल्या साली वानरांनी निम्मी फळं ओरबाडली होती, यंदा एकही टोळी इकडे फिरकली नाही. यंदा आमचं नशीब चांगलं दिसतंय.

११ डिसेंबर

तोडणी सुरू केली, एकटीनेच. दिवसभरात एक पाटी भरली. लाल बघून, देठ न ओढता, एकेक फळ पिरगळून काढायचं म्हणजे बोटांची सालटं निघतात. पाटी घेऊन उतरताना घसरले. लागलं नाही, पण फळं सांडली ती वेचत बसले आणि तिथंच रडू आलं.

जेवताना अभिषेक म्हणाला, "बायका बोलीव की सावडीला. एकटीनं कुठवर करशील?"

"कुठल्या तोंडानं बोलवू? मी गेले होते का कुणाकडं? आणि हिरव्या-लालातलं कळायला पाहिजे. माझं मी करीन."

"लई ताठ हायेस तू," तो म्हणाला.

असेन. आत्या चुलीपुढे होत्या, त्या मधे पडल्या नाहीत. एरवी माझ्यावर बोलायची संधी सोडत नाहीत. आज त्यांची भाकरी मात्र करपली.

१४ डिसेंबर

ऊन, दव काही बघितलं नाही आज.

फळाचा गर काढायच्या यंत्राचा पत्रा झिजला होता. तो बदलून आणायला सकाळच्या एसटीने भोरला गेले. काम होऊन नसरापूरवरून शेअर रिक्षाने मार्गासनीला उतरले, तर आमच्या उताराकडून हलगीचा आवाज. गेनूशिवाय अशी हलगी गावात कुणी वाजवत नाही. कुणाचं लग्न म्हणावं तर दिवस लग्नाचे नाहीत.

वर जाऊन बघते तर निम्मं गाव आमच्या रानात. बायका, बाप्ये, सगळे. आत्यांनी माझ्या मागे सावड बोलावली होती. आणि सावड म्हणजे काय विचारता, एका झाडावर एक फळ ठेवलं नव्हतं. लाल, पिवळी, हिरवी, पार हरभऱ्याएवढी कच्ची, सगळी ओरबाडून अंगणात ढीग घातला होता. पुढच्या फेरीला झाडावर काही उरलंच नाही. यंदाचं जे काही होतं ते सगळं त्या ढिगात.

साहेबरावकाका कपाळ पुसत पुढे आले. "बग शुभांगी, येका दिसात रान साफ. सावडीत अर्धं झाड सोडून येनं म्हंजी अर्ध्या ताटावरनं उठनं. तुज्या झाडाला आमी तसं केलं न्हाई."

हेच काका, ज्यांनी बैठकीत दोनदा विचारून घेतलं होतं.

मग माझा तोल गेला. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. अडाण्यांचा बाजार म्हणाले. चार वर्षांची माती केलीत म्हणाले. तुम्हाला कुणी बोलावलं होतं, असंही म्हणाले. हलगी थांबली. आत्या ओट्यावर आमटीच्या पातेल्याशी उभ्या होत्या. पहाटेपासून त्यांनी लापशी आणि भाकऱ्या रांधल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "लालच तोडा म्हनलं व्हतं म्या. पर हलगी वाजाय लागल्यावर कुनाला काय ऐकू येतंय?"

माणसं निघून गेली. एकही माणूस जेवला नाही. सावडीचं जेवण तसंच राहिलं, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं म्हणून अभिषेक सांगतो.

आत्यांनी हे मुद्दाम केलं असं मला वाटतं. त्यांना कॉफी कधीच नको होती. फळ कुजू नये म्हणून अंगणभर पातळ पसरून ठेवलंय. निवडायला बसले तर अंधार पडेपर्यंत दोन सुपं झाली. अशानं मला एकटीला आठवडा लागेल आणि फळ उद्याच्या पलीकडे टिकणार नाही.

१५ डिसेंबर

पहाटेच उठले. ठरवलं, नाक मुठीत धरून जायचं. दारोदार जायचं, माफी मागायची, निवडायला या म्हणायचं. आत्यांना सांगायला गेले तर त्या अंथरुणात नव्हत्या. थोड्या वेळाने आल्या, पावलं दवानं चिंब. फिराय गेल्ते म्हणाल्या, आणि पाय दुखतोय म्हणून आडव्या झाल्या. एवढ्या थंडीत फिरायला कोण जातं? मी चपला अडकवल्या, तसंही कालपासून आमचं धड बोलणं नव्हतं.

पहिलं दार साहेबरावकाकांचं. रात्रभर मनात जुळवलेलं सगळं बोलले. माझं चुकलं, तुम्ही माझ्यासाठी आलात आणि मी उपाशी लावून दिलं. आता निवडायला हात लागतील, मला एकटीला होणार नाही. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ठकुकाकी दाराशी सूप काखेत घेऊन उभ्याच होत्या.

"चल," म्हणाल्या एवढंच.

मग गेनूकडे. तो तर चपला घालून ओट्यावर बसलेला. त्याच्या बायकोनं पोरांच्या भाकरी आधीच बांधून ठेवल्या होत्या. एका घरात तर मी तोंड उघडायच्या आत म्हातारी उठली. मला नवल वाटलं, एकाही दारातून नाही आलं नाही, कुणी टोमणाही मारला नाही. मनापासून बोललं की माणसाला पोचतं, हे आज मला पटलं. भाषण करणं मला चांगलं जमतं, हे चैत्रालीताईही म्हणाल्या होत्या.

दिवसभर अंगणात गोल करून बसलो. आधी टपात पाणी भरून फळ सोडायचं. तरंगेल ते पोकळ, ते बाजूला काढायचं. बुडालेलं सुपात घेऊन लाल तेवढं वेचायचं. या वेळी मी बायकांना दाखवलं, एकेकीच्या शेजारी बसून. रंगावरून वाद झाले.

"ही लाल का पिवळी गं, शुभांगी?"

"नारिंगी. बाजूला टाका."

"आमच्या नव्या सुनंच्या लुगड्याचा रंग हाय बग हा, लाल म्हनून घेतला व्हता," ठकुकाकी म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या.

काकांनी एक हिरवं फळ लालात टाकलं तर गेनूने ते सगळ्यांना दाखवून परत काढलं. अध्यक्षांना कुणी सूट दिली नाही. आत्या पाय विसरून चुलीशी लागल्या. कालची लापशी गरम करून पहिल्यांदा सगळ्यांना वाढली, आणि कुणी नको म्हणालं नाही. उन्हं कलली तेव्हा अंगण मोकळं झालं होतं. लाल ढीग केवढा, तर काल जेवढं पसरलं होतं त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. पण नुसता लाल.

मी आत्यांशी बोलले नाही. त्यांनी मला शिव्या द्याव्यात म्हणून वाट बघत होते, पण त्यांनी दिल्या नाहीत.

३ जानेवारी

ऊन कडक, वारा कोरडा. वाळवणीला याहून चांगलं हवामान नाही.

गर काढून, भिजवून, धुऊन बिया वाळत घातल्यात. जमिनीवर घातल्या तर मातीचा वास धरतात, म्हणून खाटांवर जाळी टाकून त्यावर. खाटा कमी पडल्या तेव्हा आत्यांनी आपलं बाजलं अंगणात आणून ठेवलं. "मला भुईच बरी. पाठीला चांगली असती," म्हणाल्या. रोज त्या भुईवर झोपतात आणि सकाळी भिंतीला धरून उठतात. पाठीला चांगली असेल तर असं का, कुणास ठाऊक.

साहेबरावकाका दिवसातून दोनदा येऊन बिया हलवून जातात. काळजी वाटते का विचारलं. म्हणाले, "काळजी कशाची? पर झाडं उपटायची म्हनलं तं हात चालंल का न्हाई, ते बगतोय." मग बराच वेळ बिया हलवत राहिले.

२५ जानेवारी

आजचं सगळं नीट लिहिते.

वाळलेल्या बिया आठवड्यापूर्वी अभिषेकच्या टेम्पोनं पुण्याला गेल्या होत्या. चैत्रालीताई त्या भाजून घेऊन आल्या. काकांच्या ओट्यावर आमच्याच कॉफीच्या पाच वाट्या मांडल्या, प्रत्येकीत वेगळी मूठ दळून उकळतं पाणी ओतलं आणि थांबा म्हणाल्या. सगळा गट अंगणात. मी ओट्याच्या खांबाला धरून उभी होते.

मग त्यांनी चमचा बुडवून अशा जोरात सुर्र केलं की पोरं फिदीफिदी हसायला लागली. आत्या पलीकडे बायकांत बसल्या होत्या. "आमी पोरास्नी ह्याच्यासाटी धपाटं घालतो," त्या ठकुकाकींना म्हणाल्या, पण ऐकू सगळ्यांना गेलं. चैत्रालीताई हसल्या आणि पुढची वाटी घेतली. चौथ्या वाटीला त्या थांबल्या. पुन्हा चाखली. कपाळाला आठी पडली.

"ही एक कच्ची लागतेय. हिरवं फळ आलंय यात. तोडणी कशी केली होती?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात साहेबरावकाका उठले. "चूक आमची हाय, ताई. सावडीच्या भरात समदं झाड झोडपलं आमी. मागनं ह्या पोरीनं निवडून घेतलं. त्यातनं येखादं राहिलं आसंल. तिला बोल लावू नका."

चैत्रालीताईंनी बाकीच्या चार वाट्या पुन्हा पहिल्यापासून चाखल्या. शेवटी चमचा ठेवला.

"बाकी चारही चांगल्या आहेत. आधी काकवीसारखं लागतं आणि मागून करवंद. हे मी घेणार. थोडं आहे, पण 'मार्गासनी' म्हणूनच विकीन. पुढच्या साली सगळ्यांचं घेईन. फक्त तोडणी शिकवायला मी स्वतः येणार, आणि ती बायकांना शिकवणार. फळ्यापुढे बाप्यांना बसवून उपयोग नाही."

हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. ठकुकाकी खाली बघून हसत होत्या.

"करवंद कुनी घातली ह्यात?" गेनू विचारत होता, आणि त्याला कुणी उत्तर देत नव्हतं, कारण सगळे एकदमच बोलायला लागले होते. मी घरामागे जाऊन पोटभर रडून घेतलं. आनंदानं रडू येतं हे ऐकलं होतं, आज कळलं. परत आले तर आत्या चांगल्या वाटीतली उरलेली कॉफी पीत होत्या. मला बघून वाटी ठेवली. "काढाच हाय," म्हणाल्या. वाटी रिकामी होती.

२२ फेब्रुवारी

आज साहेबरावकाकांचा हरभरा काढायची सावड होती. आत्या पहाटेच पदर खोचून निघाल्या होत्या. मी म्हटलं, "आत्या, आज मी जाते. डिसेंबरात सगळी माझ्यासाठी राबली, दिवस माझ्यावर आहेत."

"जमंल तुला?" त्यांनी विचारलं. मी डोक्याला फडकं बांधून निघाले.

ठकुकाकींनी मला बांधाकडच्या कडेला लावलं. "ही तुज्या सासूची जागा. हितनं सावली लवकर मिळती म्हनून आमी तिला हितंच लावतो." दुपारपर्यंत हरभऱ्याच्या खारानं तळहात चरचरायला लागले आणि कंबरेचा पार काटा ढिला झाला. आत्या हे सत्तरीत करतात.

जेवायला बसल्यावर मी विचारलं, "काकी, माझ्याकडून गावाचे केवढे दिवस फेडायचे राहिलेत? दोन दिवस सगळी आली होती."

"तुज्याकडनं?" काकींनी भाकरीचा तुकडा तसाच धरला. "तुजं काय ऱ्हायलं न्हाई. उलट आमचं फिटलं तवा."

"असं कसं? मी कुणाकडं गेलेच नाही. गेल्या त्या आत्या."

"आली की तुजी सासू. लावनीला आली, कापनीला आली, घरटी आली. आन जेवाय बसलं की रोज येकच म्हनायची. आजचा दिस माज्या शुभांगीच्या नावावर धरा. तिच्या कॉफीला मानसं लागतील. ती मागायची न्हाई, लई ताठ हाय."

लावणीपासून, म्हणजे जेव्हा झाडांना नुसती हिरवी, बारीक फळं धरली होती तेव्हापासून. आणि मी त्यांना गावासमोर काय काय बोलले. मला त्या क्षणी उठून घरी जावंसं वाटलं, पण सावडीत अर्ध्यावरून उठत नाहीत. शेवटच्या रोपापर्यंत ओढून काढलं.

निघताना काकींनी रीतीप्रमाणे विचारलं, "शुभांगी, आजचा दिस कुनाच्या नावावर धरू?"

"आत्याच्या," मी म्हटलं.

घरी आले तर आत्या दारातच बसल्या होत्या. माझे हात बघून काही न विचारता खोबरेलाची वाटी आणली आणि माझा उजवा हात मांडीवर घेऊन चोळायला लागल्या.

"समदं झालं का रान? अर्धं न्हाई ना सोडलं?"

"न्हाई सोडलं."

"दिस कुनाच्या नावावर धरला?"

"तुमच्या, आत्या."

मान खाली घालून तोच एक हात कितीतरी वेळ चोळत राहिल्या. दुसऱ्याला तेल लावायचं राहूनच गेलं.